आत घेतलेली शिवण

"बघ आक्का, कशी चपखल बसली आहे. आणि म्हणे मी आजारी," असं म्हणत धाकट्या भावाने आरशासमोर उभं राहून पँटच्या कमरेवर टिचकी मारली, आणि त्याच्या पायाशी बसून पँटची खालची दुमड सरळ करणाऱ्या आक्काच्या काळजाला ती टिचकी नेमकी जाऊन लागली! तिने मान वर केली नाही. केली असती तर तिच्या डोळ्यांतलं सगळं त्याला दिसलं असतं, आणि या माणसाला काही दिसलं की 'का' विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. शाळेत विज्ञान शिकवण्यात त्याची हयात गेली होती. मुलांनी त्याचं नावच 'का सर' ठेवलं होतं, आणि ते कानावर आल्यापासून स्वारी भलतीच खूश होती.

"बाबा, उशीर होतोय. आत्या, सोड त्यांना, पँट बघायला नाही बोलावलंय तिथे," दारातून भाची म्हणाली. तिच्या हातात तपासण्यांच्या कागदांची जाडजूड पिशवी होती आणि चेहऱ्यावर गेल्या कित्येक दिवसांत प्रथमच थोडी आशा होती.

ती पँट आक्कानेच शिवली होती. धाकट्याच्या अंगावर आजवर दुकानातून विकत आणलेला कपडा चढलाच नव्हता. आईवडील लवकर गेले तेव्हा आक्का शिलाईच्या दुकानात मशीनवर बसली आणि त्याला शिकवलं. पुढे त्याची बायको तान्ही मुलगी मागे ठेवून गेली, तेव्हा आक्का आपलं मशीन उचलून त्याच्या घरी राहायला आली ती कायमची. तिच्या स्वतःच्या लग्नाचा विषय मधल्या काळात दोन-तीनदा निघाला होता म्हणतात. विचारलं तर "गिऱ्हाइकं खोळंबलीत" एवढंच बोलून ती मशीन चालवायला लागे.

ज्या दुकानात ती पुरुषांचे कोट-पँट शिवायला शिकली, तिथे एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकवली जाई. गिऱ्हाईक आलं आणि कपडा घट्ट होतो किंवा सैल होतो म्हणालं, की त्याच्या अंगाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. तुम्ही सुटलात, तुम्ही वाळलात, असलं काही नाही. चूक कपड्याची, आणि कपड्याची म्हणजे आपली. मुकाट्याने कपडा घ्यायचा, उसवायचा, दुरुस्त करायचा, इस्त्री करून परत द्यायचा. आक्काच्या हाडामांसात हे इतकं मुरलं होतं की, काही महिन्यांपूर्वी धाकट्याची पँट कमरेवरून घसरू लागली तेव्हा तिने कापडवाल्याला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या आणि पँट आत घेतली. पुन्हा सैल झाली, तेव्हा आपलाच हात आता पहिल्यासारखा राहिला नाही म्हणून ती खंतावली, आणि आणखी आत घेतली. तिसऱ्या खेपेला कमरपट्टी उसवताना तिचा हात क्षणभर थांबला होता... मनात काहीतरी चुकचुकलं होतं... पण समोर धाकटा हसतखेळत वह्या तपासत बसला होता. तिने दोरा ओवला आणि टीप मारली.

मग त्याची पाठ दुखू लागली, मग अचानक रक्तात साखर निघाली, मग डोळे पिवळे झाले. निदान झालं ते थेट शेवटच्या टप्प्याचं. स्वादुपिंडाचा कर्करोग, यकृतापर्यंत पोचलेला. तपासणीच्या त्या खोलीत सगळे सुन्न होऊन बसले असताना आक्काला उमगलं की कापड कधी सैल झालंच नव्हतं. त्या दिवसापासून तो अपराध ती एकटीच छातीशी धरून होती.

रुग्णालयाच्या ज्या विभागात नव्या औषधांच्या चाचण्या चालत, तिथली खोली लहान पण उजेडाची होती. एक तपासायचा पलंग, त्याला पडदा, भिंतीला वजनकाटा, चार खुर्च्या. डॉक्टरबाई वयाने भाचीपेक्षा फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी सगळं समजावून सांगायला सुरुवात केली आणि पाचव्या वाक्याला धाकट्याने त्यांना अडवलं.

"म्हणजे नवीन औषध कोणाला द्यायचं ते तुम्ही ठरवत नाही?"

"नाही. संगणक चिठ्ठी टाकतो. निम्म्या लोकांना नेहमीची केमो, निम्म्यांना केमो आणि वर हे नवीन औषध."

"का? तुम्ही इतक्या शिकलेल्या, तुम्हाला का नाही ठरवू देत?"

"कारण मी ठरवलं तर जी माणसं मला जरा दणकट वाटतात त्यांनाच मी ते देईन. मग पुढे ती माणसं जास्त टिकली, तर औषधामुळे टिकली की मुळात दणकट होती म्हणून, हे कोणालाच कळणार नाही."

"शाबास," धाकटा म्हणाला, आणि मग आपण वर्गात नाही हे लक्षात येऊन थोडा लाजला.

"बाबा, त्यांची तोंडी परीक्षा घेऊ नका," भाची म्हणाली, पण तीही हसत होती. ही चाचणी तिनेच शोधून काढली होती. जमिनी मोजण्याच्या कचेरीत तिची नोकरी, शेताचा बांध वीतभर सरकला तरी तिला रात्री झोप येत नसे. तिने त्याच चिकाटीने ठिकठिकाणी फोन केले होते, कागद पाठवले होते, नकार ऐकले होते. आता तिचा सगळा जीव या एका खोलीत अडकला होता.

"आणि मला जुनंच मिळालं तर?"

"तर आज जे उत्तम ठाऊक आहे ते तुम्हाला मिळेल. नव्यात गुण जास्त की त्रास जास्त, हे आम्हाला आधीच ठाऊक असतं तर चाचणी केलीच नसती."

"ठाऊक नाही असं तोंडाने म्हणणारा डॉक्टर मला पहिल्यांदा भेटला," धाकटा म्हणाला. "मला हे सगळं फार आवडलंय. माझं काही होवो, पण तुम्हाला काय कळतं ते मला बघायचंय."

डॉक्टरबाईंनी त्याला काट्यावर उभं केलं, आकडा टिपला. "निदान झालं तेव्हापासून फारसा फरक नाही. पण त्याआधी, गेल्या सहा महिन्यांत, वजन किती उतरलं?"

"काट्यावर मी प्रयोगाचे दगड ठेवतो, स्वतः कधी चढलो नाही."

"दिसता बारीक."

"मी मुळचाच काटकुळा. दाढी काढली तर आमच्या मुलीलाही ओळखू येणार नाही. आणि ही पँट दोन वर्षांची आहे. घातली त्या दिवशी जशी बसली तशीच आज बसते," असं म्हणून त्याने पुन्हा कमरेवर टिचकी मारली.

"खरंच," भाची म्हणाली. "कपडे सगळे तेच आहेत त्यांचे."

डॉक्टरबाईंनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर आक्का दोन्ही हात मांडीत घट्ट धरून बसली होती. काही कागद आणायला बाई बाहेर गेल्या, तशी तीही उठून त्यांच्यामागे गेली.

"एक विचारू? बारीक झाल्याचं एवढं का विचारता?"

डॉक्टरबाई थांबल्या. त्यांना घाई होती, पण त्यांनी नीट सांगितलं. "आधीच्या फेरीत एक गोष्ट दिसली. ज्यांचं वजन सहा महिन्यांत दहाव्या हिश्श्याहून जास्त उतरलं होतं, त्यांना हे औषध झेपलं नाही. आतड्यांवर फार जोर आला. काही जण त्यातून उठलेच नाहीत. म्हणून अशा माणसांना आता घेत नाही. का, काही आहे का?"

"नाही, सहज," आक्का म्हणाली, आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

काय करावं? गप्प बसलं, तर धाकट्याला चाचणीत जागा मिळत होती. पोरीच्या चेहऱ्यावरची ती आशा तशीच राहत होती. आणि आक्काने काय केलं होतं ते या जगात कोणालाही, कधीही कळणार नव्हतं. बोललं, तर तिघांच्या घरात तिचं स्थान उरेल की नाही हीच शंका! ज्या पोरीला तिने न्हाऊमाखू घातलं, जिच्या तापात उशाशी बसून तिने दिवस काढले, ती उद्या तिच्याकडे परक्यासारखी बघेल... पण ते औषध. ते त्याच्या अंगात जाईल आणि त्याची आतडी सोलून काढेल, आणि आपण शेजारी बसून आपल्या अब्रूला जपत राहू? एकदा हात थांबला असताना टीप मारली होती. आता पुन्हा मारायची? तिचे पाय खोलीकडे वळले.

"डॉक्टरबाई," आत जाऊन ती उभ्यानेच म्हणाली, "ते लिहिलंत ते खोडा. पँट दोन वर्षांची आहे, पण ती तशीच नाही. मी आत घेतलीय. कमरेत चार इंच. शर्टाच्या कॉलरी पण बदलल्यात. सगळं या सहा-सात महिन्यांतलं आहे."

मग धाकटा उठला, पडद्याआड गेला, आणि पडद्यावरून त्याची पँट बाहेर आली. डॉक्टरबाईंनी ती उलटी करून उजेडात धरली. आतल्या बाजूला उसवलेल्या जुन्या शिवणींच्या बारीक भोकांच्या ओळी होत्या, एकीच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी. बाईंनी त्यावरून बोट फिरवलं आणि हळूच पेन उचललं.

"मला दाखवा तरी," पडद्याआडून आवाज आला. "मला कोणी दाखवत का नाही?"

त्या चाचणीत त्याला जागा मिळाली नाही. नेहमीची केमो मिळेल, तीही जरा बेताने, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. भाची खाली मान घालून कागद पिशवीत भरत राहिली. बाहेर गाडीपाशी आल्यावर, बाबा आत बसल्याची खात्री करून, ती आक्काकडे वळली. ती ओरडली असती तर आक्काला बरं वाटलं असतं. ती अगदी हळू बोलली.

"तेव्हा सांगितलं असतंस तर आपण आधी आलो असतो. आज गप्प बसली असतीस तर त्यांना औषध मिळालं असतं. तू दोन्ही वेळा नेमकं उलटं केलंस, आत्या."

आक्काला वाटलं, पोर खरं तेच बोलली...

त्यानंतर त्या घरात बोलणं असं राहिलंच नाही. भाची सकाळी कामाला जाई, संध्याकाळी येऊन बापाच्या पलंगाशी बसे, त्याला केमोला नेई-आणी. आक्काशी मात्र 'हो' आणि 'नको' यापलीकडे काही नाही. आक्का सूप करून ठेवी, औषधं वेळेवर देई आणि आपल्या मशीनच्या खोलीत जाऊन बसे. गिऱ्हाइकांचे कपडे पुढ्यात पडून असत. माप लिहिलेलं असूनही तिला कापडाला कात्री लावायची भीती वाटू लागली होती.

घरात उत्साह होता तो एकट्या आजाऱ्याला. एके दुपारी त्याने आक्काला हाक मारली. ती धावत गेली तर पलंगभर त्याच्या पँटी आणि शर्ट उलटे करून मांडलेले, आणि हा मध्ये फूटपट्टी घेऊन बसलेला.

"ये. ही राखाडी पँट कधी आत घेतलीस? शाळेच्या परीक्षेआधी की नंतर?"

"धाकट्या, माझी चेष्टा करतोस का?"

"चेष्टा नाही, आलेख काढतोय." मांडीवर आलेखाचा कागद होता. "बघ, इथे पहिल्यांदा उतरलो, मग जरा थांबलो, मग इथून जी घसरगुंडी लागली... आणि साखर निघाली ती इथे. म्हणजे अंग आधीपासून सांगत होतं. डॉक्टरबाईंना फोन केला होता मी. त्यांनाही उत्सुकता वाटली. पुढच्या माणसांना आम्ही आता नुसतं वजन विचारणार नाही, घरच्यांनाही गाठू, कपडे कोणी आत घेतले का ते पण विचारू, म्हणाल्या."

आक्का पलंगाच्या कडेवर बसली आणि इतके दिवस कोंडलेलं रडू एकदम बाहेर पडलं. "तुला राग येत नाही का रे माझा? मी तुला... मी माझ्या हातांनी..."

धाकट्याने फूटपट्टी खाली ठेवली. "आला. दोन दिवस आला होता. सगळ्यांना येतो तसाच आला. मग मी म्हटलं, आपल्याला आरसा होता, हात होते, पोटात कळ येत होती. 'का' विचारायचा मक्ता माझा, आणि स्वतःला मी एकदाही विचारलं नाही. तू शिवलेल्या पँटला पट्टा लागत नाही असं मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना ऐकवायचो. पट्टा लावला असता तर पट्ट्याने तरी सांगितलं असतं." थकवा त्याच्या आवाजात आता लवकर येई. "आक्का, तू त्या दिवशी आत येऊन बोललीस, आणि मी पडद्याआड गेलो, तेव्हा फटीतून मला तुझा चेहरा दिसत होता. मी उभ्या जन्मात एवढं धाडस केलं नाही."

"पोरगी माझ्याशी बोलत नाही."

"बोलेल. तिचं गणित चुकलंय, ती ते पुन्हा करतेय. तिला मध्येच उत्तर सांगायचं नाही."

काही दिवसांनी डॉक्टरबाईंनी पुन्हा बोलावलं. दुसरी एक चाचणी सुरू होत होती, आणि तिला हवी होती ती नेमकी ज्यांचं वजन झपाट्याने उतरलं आहे अशीच माणसं. महिन्यातून एक इंजेक्शन. गाठीला ते काही करणार नव्हतं, हे बाईंनी दोनदा सांगितलं. भूक परत येते का, अंग झिजायचं थांबतं का, उरलेले दिवस माणूस उठून बसतो का, एवढंच बघायचं होतं. निम्म्यांना औषध, निम्म्यांना साधं खारं पाणी. कोणाला काय, हे ना रुग्णाला कळणार, ना खुद्द डॉक्टरांना.

"तुम्हालाही नाही?" धाकट्याचे डोळे चमकले. "का?"

"कारण मला कळलं तर ते माझ्या चेहऱ्यावर दिसेल, आणि तुम्ही जेवायला बसताना ते आठवेल."

त्याने सही केली. नर्सने विचारलं, "घरी रोज लक्ष कोण ठेवणार? किती खाल्लं, किती वेळ उठून बसले, वजन, हे आम्हाला सांगावं लागेल."

"माझी बहीण," धाकटा म्हणाला.

आक्काने चमकून भाचीकडे पाहिलं. भाची खुर्चीवरून उठली आणि काही न बोलता डॉक्टरबाईंच्या मागोमाग बाहेर निघून गेली. आक्काला वाटलं, संपलं. तिने नर्सला आपलं नाव सांगितलं.

त्या संध्याकाळी ती मशीनसमोर बसली होती. दिवा लावायचंही तिच्या लक्षात नव्हतं. दारात चाहूल लागली. भाचीने आत येऊन बटण दाबलं आणि कापडाच्या गठ्ठ्यांवर, लहानपणी बसायची तशी, जाऊन बसली. खडूचा एक तुकडा ती बोटांत फिरवू लागली.

"मी डॉक्टरांना विचारलं," ती म्हणाली. "आधी कळलं असतं तर फरक पडला असता का. मला वाटत होतं त्या 'नाही' म्हणतील. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. कदाचित पडला असता, कदाचित नाही."

आक्काने मान हलवली. तिलाही तेच वाटत होतं, आणि ते तिला मरेपर्यंत वाटत राहणार होतं.

"मग विचारलं, आत्या गप्प बसली असती तर? त्यावर मात्र त्यांनी लगेच सांगितलं. बाबांनी ते औषध सोसलं नसतं, म्हणाल्या. त्यांना जवळजवळ खात्री आहे." पोरीने खडू खाली ठेवला. "आत्या, मी रोज त्यांच्यासमोर बसून जेवते. दुसऱ्यांच्या जमिनी बोटबोट मोजते. आणि माझ्या बापाच्या अंगावरचं मांस गळत होतं ते मला दिसलं नाही. तुला निदान हाताला तरी लागलं. तुझ्यावर ओरडले की मला माझ्याकडे बघावं लागत नव्हतं..."

"तू कुठे ओरडलीस, बाळा. ओरडली असतीस तर बरं झालं असतं," आक्का म्हणाली, आणि मग दोघींनाही हसू का रडू ते कळेना. भाचीने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. आक्का तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. तिच्या बोटांना कितीतरी दिवसांत असं काही मिळालं नव्हतं!

थोड्या वेळाने भाची उठून उभी राहिली. डोळे पुसले. "हा आजार कधी कधी रक्ताच्या नात्यात येतो म्हणे. माझी तपासणी करायची आहे. तुझीही. तुला भीती वाटते?"

"वाटते."

"मलाही." ती दिव्याखाली आली आणि दोन्ही हात बाजूला पसरून उभी राहिली. "माझं माप घे."

"काय शिवायचंय?"

"काही नाही. नुसतं माप घे. आता दर महिन्याला घ्यायचं, आणि मी तुझं घेणार. बोटभर कमी झालं तर समोर येऊन सांगायचं, आत्या. मुकाट्याने शिवून टाकायचं नाही."

आक्काने टेप काढली. आयुष्यभर हजारो कमरांभोवती तिचे हात फिरले होते, तरी पहिल्यांदा टेप निसटली, दुसऱ्यांदा पीळ पडला. मग तिने ती नीट लावली, वाकून आकडा वाचला, आणि तो मनात न ठेवता पोरीच्या डोळ्यांत बघून मोठ्याने सांगितला.

"मागच्या वेळी किती होतं?" आतल्या खोलीतून का सरांनी विचारलं.

"मागच्या वेळी घेतलंच नव्हतं, बाबा," भाचीने ओरडून सांगितलं, आणि आक्काच्या हातातून टेप घेऊन ती तिच्या कमरेभोवती लावू लागली.